आईने सांगितलेलं वजन

मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. नवीन डॉक्टर आले की फोनवर मी त्यांना एक वाक्य हमखास ऐकवतो: पेशंटला वजन विचारू नका, वजन करा. लोक खोटं बोलतात असं नाही. लोकांना आपलं जुनं वजन पाठ असतं आणि औषध मात्र आजच्या शरीरात जायचं असतं. या वाक्यापायी मी भांडणंही केली आहेत. एका तरुण डॉक्टरला तर मी इतकं झापलं होतं, की दुसऱ्या दिवशी मला पाहून तिने लिफ्ट सोडून दिली आणि जिना धरला. आणि त्याच मी, स्वतःच्या आईला मात्र वजन विचारलं. केलं नाही. तिने सहासष्ट सांगितलं, मी सहासष्ट लिहिलं आणि त्या आकड्यावर आम्ही दोघं भाऊ गाडी शोधायला निघालो.

ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये आमचं घर मोठं आहे, कारण त्यात दोन संसार राहतात. मी, बायको, आमची मुलगी आणि मुलगा, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची छोटी, आणि आई. एकूण आठ. बाबा इथे यायच्या आधीच गेले. भाऊ इथे शिकायला आला, डिप्लोमा करून रात्रपाळ्या करत करत आता एका गोदामाचा सुपरवायझर झाला आहे. घरात तो सगळ्यांचा लाडका आणि मी सगळ्यांचा हेडमास्तर. हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण मी खोलीत शिरलो की टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो, त्यावरून कळतं.

कॅरव्हॅन त्यानेच आणली. एका रविवारी अवोन्डेलच्या बाजारात मेथी आणायला म्हणून गेला आणि तिथे भेटलेल्या कोणा माणसाच्या अंगणात उभी असलेली सहा जणांची कॅरव्हॅन ठरवून आला. मेथी विसरला. दुसऱ्या शनिवारी त्या माणसानेच ती आमच्या दारात आणून सोडली आणि स्वतःच्या गाडीने परत गेला. मग आमच्या लक्षात आलं, की हिला ओढायला आपल्याकडे काही नाही. माझी छोटी हायब्रिड आणि भावाची त्याहून छोटी. ते धूड अडीच महिने आमच्या ड्राइव्हवेत उभं राहिलं. मुलं तिच्यात अभ्यासाला बसायची आणि आई दुपारी तिच्या पायरीवर बसून लसूण सोलायची.

गाडी कोणती घ्यायची यावरून घरात दोन तट पडले. भावाला यूट हवी होती. मागे उघडा हौदा, पुढे पाच माणसं. इथल्या पुरुषांना या गाडीचं जे वेड आहे ते त्यालाही लागलं होतं. यूट कॅरव्हॅन ओढेल, उरलेली तिघं माझ्या गाडीतून मागून येतील, असं त्याचं म्हणणं. माझ्या बायकोलाही ते पटत होतं, कारण मग निदान एका गाडीत तरी शांतता असेल आणि त्या गाडीत ती असेल. कोण कुठल्या गाडीत बसणार यावरून मुलांची मारामारीही झाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसलाच प्रकार.

आई हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दोन गाड्या करायच्या असतील तर मी येत नाही."

"का गं?" मी विचारलं.

"आपण चौघं कधी एका गाडीतून गेलोय का? आठव."

मी आठवलं. खरंच नव्हतो गेलो. बाबांची स्कूटर होती. कुठेही जायचं तर मी स्कूटरवर पुढे उभा, आणि आई धाकट्याला कडेवर घेऊन, पिशव्या सांभाळत एसटीने. लग्नाला, देवाला, आजोळी, सगळीकडे असंच. आम्ही आधी पोचायचो आणि स्टँडवर तिची वाट पाहत उभे राहायचो. बाबांनी नंतर चारचाकी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी शिकायला बाहेर होतो, आणि मग ते राहिलंच. न्यूझीलंडलाही आम्ही असेच एकेक करून आलो.

"एकदा सगळे एका गाडीत बसू," ती म्हणाली. "मग काय दोन करा, चार करा."

मला तेव्हा वाटलं, म्हातारपणचा हट्ट आहे. ते नुसतं 'एकदा' नव्हतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

म्हणजे आठ सीटची, आणि वर कॅरव्हॅन ओढणारी गाडी. मी माझ्या पद्धतीने अभ्यासाला लागलो. गाडी किती ओढते हे सगळे सांगतात. विकणारा तर तेवढंच सांगतो. पण गाडी किती वाहते, हा प्रश्न वेगळा. कॅरव्हॅनचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या हुकावर बसतो, त्याचा भार गाडीच्याच पाठीवर येतो. आमच्या कॅरव्हॅनचा तो भार भरल्यावर एकशे नव्वद किलो. त्यात आठ माणसं. त्यात डबे, पाणी, बॅगा. मोठमोठ्या गाड्याही तिथे मान टाकतात. डोंगराएवढी कॅरव्हॅन ओढतील, पण घरातली सगळी माणसं पोटात घेऊन नाही. मोठं कुटुंब घेऊन फिरणाऱ्यांची खरी अडचण इथे असते.

म्हणून मी यादी केली. एका कागदावर आठ ओळी, प्रत्येकापुढे वजन. मी ब्याऐंशी, भाऊ अठ्ठ्याहत्तर. बायकांनी आपापले आकडे स्वतः येऊन कानात सांगितले. मुलांना काट्यावर उभं केलं, कारण मुलं महिन्यात बदलतात. आईला म्हटलं, ये, तूही उभी राहा.

"मी नाही," ती म्हणाली. "माणसाचं वजन नवसालाच करायचं असतं. उगाच करू नये."

आमच्या गावच्या देवीला तुला करायचा रिवाज आहे. मी तीन वर्षांचा असताना महिनाभर तापाने फणफणलो होतो. तेव्हा आईने नवस बोलला आणि मी उठून बसल्यावर मला देवळातल्या तराजूच्या एका पारड्यात बसवून दुसऱ्यात गूळ घातला. मी अकरा किलो भरलो. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की तो तराजू मला आठवतो असंच वाटतं. पारडं वर गेल्यावर मी रडायला लागलो आणि आईने माझ्या हातात त्याच गुळाचा खडा दिला, म्हणून अकरा किलोंना छटाकभर कमी पडला, असा त्या गोष्टीचा शेवट आहे.

"बरं, मग नुसतं सांग तरी," मी म्हटलं.

"सहासष्ट."

व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत चार वर्षांपूर्वी भरलं होतं तेच. मला ते माहीत होतं. मी हसलो आणि लिहिलं. बेरीज चारशे चोपन्न आली.

गाडी मनुरेवात सापडली. डिझेल, फोर-व्हील-ड्राइव्ह, आठ सीट, वयाने माझ्या मुलीएवढी, पण निगा अशी, की बॉनेटखाली जेवायला बसावं. मालक सत्तरीचा माओरी गृहस्थ. याच गाडीतून त्याने आधी आपली मुलं आणि मग त्यांची मुलं देशभर फिरवली होती. आता डोळ्यांच्या डॉक्टरने नको सांगितलं म्हणून तो विकत होता. आम्ही दोघं भाऊ दारात उभे राहिलो तर म्हणाला, "किया ओरा. घरचे कुठे आहेत?"

मी म्हटलं, आधी आम्ही बघतो, मग त्यांना दाखवू.

"गाडी नको दाखवू त्यांना. त्यांना मला दाखव. किती माणसं आहेत? किती भरतात?"

मी खिशातून माझी यादी काढली. मला वाटलं, खूष होईल. त्याने चष्मा लावून ती नीट वाचली, परत दिली आणि म्हणाला, "हे कागदाचं वजन झालं. पुढच्या शनिवारी सगळ्यांना घेऊन ये. इथल्या कचरा डेपोवर वजनकाटा आहे. आधी रिकामी गाडी चढवू, मग भरलेली. नाही झेपली तर मी तुला ही विकणार नाही."

मी रोज लोकांना जे ऐकवतो ते मला कोणीतरी ऐकवत होतं. मला रागच आला, पण भाऊ मात्र परत येताना गाडीत हसत होता. "दादा, तुला तुझा गुरू भेटला," म्हणाला.

शनिवारी आम्ही आठही जण मनुरेवाला गेलो, अर्थात दोन गाड्यांतून. त्या गृहस्थाने सगळ्यांशी हात मिळवला. आईला मात्र त्याने 'फाएआ' म्हटलं. आई-मावशीच्या जागी असलेल्या बाईला ते असं म्हणतात. गाडी उंच होती. आईला चढता येईना, तर त्याने एका हाताने तिचा हात धरला, दुसरा कोपराखाली लावला आणि तिला वर बसवलं. तिच्या अंगावर साडी, तिच्यावर भावाचं जुनं जाड जॅकेट. सप्टेंबर संपत आला होता, इथला वसंत सुरू झाला होता, पण ती ते काढत नव्हती. इथली थंडी हाडात शिरते असं म्हणायची.

रिकाम्या गाडीचं वजन आधीच झालं होतं. आता आम्ही आठ जण आत, तो गृहस्थ खाली उभा. काट्यावर गेलो, तर काचेमागच्या मुलीने दुसरा आकडा लिहून दिला; असले काटे दहा-दहा किलोंनीच मोजतात. भावाने फोनवर वजाबाकी केली. चारशे तीस.

"दादा! चोवीस कमी!" तो ओरडला.

आणि गाडीत जल्लोष झाला. मला तो जल्लोष लख्ख आठवतो, विसरता आला असता तर बरं झालं असतं. चोवीस किलो! फुकटात मिळालेले! मुलाने टपावर सायकल मागितली. भावाची बायको म्हणाली, मग मिक्सर नेऊ. माझी बायको म्हणाली, आणि कुकर मोठा. मुलगी इथल्या पोरांसारखी "स्वीट ॲज!" म्हणजे झकास, असं ओरडली आणि म्हणाली, "पॅडलबोर्ड!" आई मधल्या रांगेत खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "पुरणयंत्रही घ्या मग." सगळे हसले. मीही हसलो. मी, ज्याला अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक झोपू देत नाही, तो चोवीस किलोंच्या फरकावर खूष होऊन हसलो.

तो गृहस्थ हसला नाही. त्याच्या घरी परतल्यावर बाकीचे उतरून अंगणातली झाडं बघत होते तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझी आई बरी आहे ना?"

"बरी आहे. का?"

"तिला वर घेतलं ना मी. जॅकेट जड होतं. हात जड नव्हता."

मी त्याला थोडं तोडूनच उत्तर दिलं. वय झालं, थंडी मानवत नाही, असं काहीतरी. आणि मनात म्हटलं, याला काय करायचंय.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी काटा बाथरूममधून काढून दिवाणखान्यात फरशीवर ठेवला आणि एकेकाला उभं केलं. आपण एकदा हेडमास्तर म्हणवून घेतलं की अशा वेळी उपयोग होतो. कोणी विचारलं नाही. मी ब्याऐंशी. भाऊ अठ्ठ्याहत्तर. बायका जवळपास बरोबर. मुलं बरोबर. एकेक आकडा जुळत गेला आणि आता चूक लपायला एकच जागा उरली होती. आई स्वयंपाकघरात होती.

"आई, ये."

"पोहे करपतील."

"गॅस बंद कर आणि ये."

ती आली. हात पुसले. मी म्हटलं, जॅकेट काढ. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काढलं. ब्लाउजला दोन्ही बगलांत टिपा घातलेल्या होत्या, एकीवर एक, तीन-तीन ओळी. बाही दंडावर नुसती लोंबत होती. ती काट्यावर उभी राहिली. चव्वेचाळीस.

रोज दिसणारं माणूस दिसत नाही. रोज तिच्या हातचं जेवत होतो, रोज निघताना ती दारात यायची. दुसऱ्यांच्या आयांच्या वजनाला जपणारा मी, माझ्या घरात दिव्याखाली अंधार. मी तिथेच फरशीवर बसलो. भाऊ आला, त्याने काट्याकडे पाहिलं, आणि तिचं जॅकेट उचलून पुन्हा तिच्या खांद्यावर घातलं.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. आधी रक्त, मग स्कॅन. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात गेलेला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी आईला खुर्ची जवळ घेऊन सांगितलं, मी मराठीत केलं. काही महिने, असं त्या म्हणाल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये मी विचारलं, चार महिने आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, फार फरक पडला नसता. हे वाक्य मला माहीत आहे. ते आम्ही नातेवाइकांना सांगतो. कधी ते खरं असतं आणि कधी ते दयेपोटी असतं, आणि ऐकणाऱ्याला त्यातला फरक कधीच कळत नाही. मला अजून कळलेला नाही.

गाडीचं आता काय, हे भावाने आठवडाभराने विचारलं. मी त्याच्यावर तुटून पडलो. आई मरायला टेकलीय आणि तुला गाडी सुचतेय, हे मी बोललो. तेही भिंतीपलीकडे आई असताना. दार उघडलं आणि आईच बाहेर आली.

"मला सुचतेय गाडी," ती म्हणाली. "त्याला कशाला बोलतोस? जा आणि घेऊन ये. आठ सीटचीच."

मनुरेवाच्या गृहस्थाने गाडी कोणाला दिली नव्हती. दोघं विचारून गेले, त्यांना त्याने थांबायला सांगितलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं आणि त्या दिवशी तोडून बोललो म्हणून माफी मागितली. त्याने माझा हात हातात घेतला. मग म्हणाला, "तिला मधल्या रांगेत डावीकडे बसव. तिथे धक्का कमी लागतो. माझी बायको शेवटी तिथेच बसायची."

डिसेंबरच्या सुरुवातीला, शाळा सुटायच्या आधीच, आम्ही तौपोच्या तळ्याला निघालो. मुलांच्या शाळेत मी खरं कारण कळवलं होतं. आठ जण, एक गाडी, मागे कॅरव्हॅन. आई मधल्या रांगेत डावीकडे, मांडीवर एक लहानशी उशी. मी गाडी ऐंशीच्या वर नेली नाही आणि मागे रांग लागली की बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ दिलं. एरवी मला कोणी मागून हॉर्न दिला तर मी काच खाली करणारा माणूस आहे. त्या दिवशी मला कशाचीच घाई नव्हती. शहर संपताच चढ लागतो, त्या भागाचं नाव बॉम्बे. पाटी वाचून आई म्हणाली, "एवढीशीच?" आणि सगळी गाडी हसली. मागच्या रांगेत मुलं तिला कोड्यांची उत्तरं इंग्रजीत देत होती आणि ती कोडी मराठीत घालत होती. पुतणी झोपली तेव्हा तिचं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं. मी आरशातून पाहिलं, तो खांदा तिने शेवटपर्यंत हलवला नाही.

तौपोला पोचल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल, तर "सगळे बरोबरच पोचलो." स्टँडवर तिची वाट बघणारा मुलगा मीच, मला त्याचा अर्थ कळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे पाण्यात होते. आई आणि मी तळ्याच्या काठाला घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. तिचं दुखण्याचं औषध मीच मोजून देत होतो, आता खऱ्या वजनावर. ती थोडी बरी होती. पाय पाण्यात सोडले होते. मी इतके आठवडे जे गिळून होतो ते बोललो.

"आई, माझं चुकलं. मी तुला वजन विचारलं. करायला हवं होतं."

"तू विचारलंस ते बरोबरच," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं."

"तुला जुनं आठवत होतं."

"जुनं कशाला? दर सोमवारी तुम्ही सगळे गेलात की तुझ्याच काट्यावर उभी राहत होते. संक्रांतीला अठ्ठावन्न होतं. आखाडात पन्नास. गणपतीत चव्वेचाळीस."

मला आधी काही समजेना. मग समजलं, आणि मी उभा राहिलो.

"तुला माहीत होतं? आणि तू मला सांगितलं नाहीस? मी हॉस्पिटलात आहे आई! मी हेच काम करतो!"

मी ओरडलो होतो. शेजारच्या तंबूतली माणसं वळून बघायला लागली. आईने मला खाली बसायची खूण केली, लहानपणी पंगतीत करायची तशी.

"खरा आकडा सांगितला असता तर तू गाडी बघायला गेला असतास?"

"नाही! तुला घेऊन डॉक्टरकडे गेलो असतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "मग इंजेक्शनं, मग वॉर्ड, मग तुम्ही दोघं पाळीपाळीने खुर्चीत. तू सकाळचा, तो रात्रीचा. परत दोन गाड्या."

मी रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस तळ्याच्या काठावर आईशेजारी हुंदके देऊन रडलो, आणि त्यात दुःख जेवढं होतं तेवढाच रागही होता. तिने मला फसवलं होतं. तिला जो काही वेळ मिळू शकला असता तो तिने मला न विचारता खर्चून टाकला होता, आणि खर्चला होता आमच्यावरच. तिने पदराने माझं तोंड पुसलं.

"आणि ते नवसाचं?" मी शेवटी विचारलं.

"ते खरं आहे. पण ते लहान मुलांचं असतं. म्हाताऱ्यांना कोण तराजूत घालतं?" असं म्हणून तिने पाण्यातला एक पाय वर काढून पाहिला. "थंड आहे रे पाणी. मोजे दे."

गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी ती गेली. घरी, दिवसाउजेडी, आम्ही सगळे असताना.

त्याला आता दोन वर्षं झाली. गाडी आहे, कॅरव्हॅन आहे. आम्ही दर डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्यात, जातो. यादी कॅरव्हॅनमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असते आणि निघण्याआधी ती नव्याने करायची, हा आता घरचा नियम आहे. मुलं वाढतात. पोरगा दोन वर्षांत तेरा किलो वाढला, मुलगी सात, पुतणी सात. सगळे काट्यावर उभे राहतात. सांगितलेलं वजन मी आता कोणाचंही घेत नाही, भावजयीचंसुद्धा नाही, आणि त्यावरून तिने एकदा अबोला धरला होता.

यादीत मात्र आठ ओळी असतात. पहिल्या वर्षी भावाने बेरीज करायला घेतली, आठवी ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि त्या ओळीसकट बेरीज केली. एकशे नव्वद हुकावरचे, सात माणसं आणि आईचं वजन मिळून जेवढं होतं, ते गाडीच्या क्षमतेतून वजा करून जे उरतं तेवढंच सामान आम्ही नेतो. दरवर्षी ते कमी होत चाललं आहे. पॅडलबोर्ड घरी राहतो. मोठा कुकर कधीच गेला नाही. गाडीतली मधल्या रांगेतली डावी सीट रिकामी असते, तिच्यावर फार तर जॅकेटं पडलेली असतात. "बाबा, देअर्ज हीप्स ऑफ रूम," मुलगा दरवर्षी म्हणतो, आणि गाडी किती वाहते हे लिहिलेल्या दारावरच्या पट्टीप्रमाणे त्याचंच बरोबर असतं.

या डिसेंबरात मुलगी म्हणाली, यादी मी करते. सोळा वर्षांची झाली आहे, तिला आता गाडी शिकायची आहे आणि त्यासाठी मला खूष ठेवणं भाग आहे. तिने सगळ्यांना काट्यावर चढवलं, मलाही. ब्याऐंशीचे चौऱ्याऐंशी झालेत, त्यावर एक शेरा मारला. सात आकडे लिहून झाल्यावर तिने पेन्सिल उचलली नाही, कागदावरच टेकवून ठेवली.

"अँड आजी?" तिने विचारलं.

मला सगळे आकडे येत होते. अठ्ठावन्न, पन्नास, चव्वेचाळीस. शेवटच्या आठवड्यातलाही एक मला माहीत आहे, कारण औषधासाठी मीच तिला उचलून काट्यावर उभा राहिलो होतो आणि मग माझं वजन वजा केलं होतं.

"सहासष्ट," मी म्हटलं.

तिने लिहिलं. बेरीज केली, पुन्हा एकदा तपासली, आणि बाहेर जाऊन आपल्या भावाला आवाज दिला. मग त्या दोघांनी मिळून टपावर बांधलेली एक सायकल सोडली आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.